दोष गिटारच्या मानेत

१८ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.१०

काल अनुयाचा साखरपुडा पार पडला. जेवणं झाल्यावर व्याह्यांनी पेटी काढून दोन पदं म्हटली. गणराजराव, माणगावचे, निवृत्त हेडमास्तर. आवाज बरा आहे. पेटीच्या भात्यातून हवा गळत होती, ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही. मी बोललो नाही. मुलीची बाजू.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कोणाला गाण्याबजावण्याचा नाद आहे का? सगळे गप्प. मला शांतता सहन होत नाही. मी म्हणालो, मी गिटार वाजवतो.

तसा वाजवत नाही. पण वाजवू शकणार नाही असं मानायला काही कारणही नाही. चौल नाक्यावरून जाता जाता कुठल्या वाडीतल्या मोटरचं बेअरिंग गेलंय ते मी सांगतो. सोळाव्या वर्षी सायकलच्या कॅरियरला पान्यांची पेटी बांधून सुरुवात केली, आज वर्कशॉप आहे, अलिबागला दुकान आहे, आणि पंपातलं मला कोणी शिकवलेलं नाही. कानाने शिकलो. दीडशे फूट खोल बोअरमधली मोटर वरून ऐकून ओळखणाऱ्या माणसाला मांडीवरच्या सहा तारा काय जड?

अनुया म्हणाली, बाबा, मग लग्नाच्या आदल्या संध्याकाळी संगीताला माझी साथ करा. आजीचं सुपारी सोलतानाचं गाणं म्हणणार आहे मी. व्याही म्हणाले, वा, ठरलं. २९ नोव्हेंबर, काशीद, रिसॉर्टची हिरवळ, दोन्हीकडची मिळून दोनशे माणसं.

हॉलवरून परत येताना बायकोने, विनिताने, गाडीत एवढंच विचारलं, कुठली गिटार?

संकल्प: रोज पहाटे पाच ते सहा सराव. उद्यापासून, कारण आज सहा वाजून गेलेत.

१९ ऑगस्ट. सकाळी ७

अनुयाची जुनी गिटार कपाटावरून काढली. ती आठवीत असताना घेऊन दिली होती. पुण्याला नोकरीला गेली तेव्हा इथेच राहिली. पुसली, तारा बदलल्या, खुंट्यांना थेंब थेंब ऑइल दिलं. हातात घेतली आणि एका मिनिटात मूळ दोष सापडला. मान जाड आहे. गिटारवाले तिला नेक म्हणतात. व्हर्नियर लावून मोजली: पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे वरच्या पहिल्या धातूच्या पट्टीपाशी, साडेचोवीस मिलिमीटर. मागून गोल, भरीव, उभ्या कापलेल्या पाईपसारखी. अशा मानेभोवती बोटं पोचणं माणसाला शक्य नाही.

सराव: ४ मिनिटं. बाकीचा तास तपासणीत गेला, तोही सरावच.

२३ ऑगस्ट, शनिवार

शिकवणी लावली. रेवदंड्याच्या फिरोजाबाई. होड्या बांधणारा करमअली सुतार आहे, त्याची बहीण. बहारीनला एका शाळेत वीस वर्षं संगीत शिकवून परत आल्यात. साठीच्या आहेत. हात लहान, बोलणं त्याहून थोडं.

त्यांनी तीन कॉर्ड सांगितल्या: सी, जी आणि एफ. गाणं तिन्हीत बसतं म्हणाल्या. कॉर्ड म्हणजे ठरल्या जागी बोटं दाबायची आणि सगळ्या तारा एकदम छेडायच्या. सी जमेल. जी जमेल. एफला पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबाव्या लागतात. मी दाबल्या. डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला.

मी त्यांना मानेची जाडी सांगितली, मिलिमीटरमध्ये. त्यांनी गिटार घेतली, तीच, आणि एफ वाजवला. स्वच्छ.

त्यांचे हात लहान आहेत. लहान हाताला लिव्हरेज जास्त मिळतं. हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

तासाभरात तुम्ही चार वेळा उठलात, असं त्या म्हणाल्या. एकदा पंखा कुरकुरत होता, एकदा नळाचा वॉशर, दोनदा मागच्या विहिरीवरचा पंप. पंप आता लोण्यासारखा चालतो. निघताना म्हणाल्या, माधवभाई, पंपाकडून शुक्रिया. गिटार अजून वाट बघतेय.

२६ ऑगस्ट

तीन दिवस इंटरनेटवर अभ्यास. जगात गिटारच्या मानेवर इतके लोक इतकं भांडतात हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

मानेच्या पाठीचे आकार चार, इंग्रजी अक्षरांवरून. यू म्हणजे अर्धा पाईप. सी म्हणजे कोयत्याच्या मुठीसारखी, हातात बसणारी. डी जरा चपटी. व्ही होडीच्या तळासारखी, मधोमध कणा. हे झालं मागचं. पुढचा प्रश्न बाकाचा. बोटं दाबतो तो फ्रेटबोर्ड सपाट नसतो, आडवा पाहिला तर कौलासारखा किंचित फुगीर असतो. बारा इंची बाक म्हणजे बारा इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. सोळा इंची म्हणजे मोठ्या वर्तुळाचा, म्हणून जास्त सपाट.

अनुयाची गिटार डोळ्यांनी पाहूनही सोळाची वाटते. म्हणजे मागून जाड आणि पुढून सपाट. या गिटारवर कुठलाही वादक हरला असता. फिरोजाबाई सोडून, त्यांचं कारण वर दिलं आहे.

उद्यापासून गणपती. सराव विसर्जनानंतर.

४ सप्टेंबर. दुपारी

वर्कशॉपच्या फरशीच्या फटीत खिळा ठोकला, दोरी बांधली आणि खडूने तीन वर्तुळं काढली. बारा, चौदा, सोळा इंच त्रिज्या. त्यांवरून पुठ्ठ्याचे साचे कापले. साचा तारांखाली फ्रेटबोर्डला टेकवायचा, मागून बॅटरी मारायची. फटीतून उजेड दिसला तर बाक तो नाही.

धर्मा, पंचवीस वर्षं माझ्याकडे असलेला फिटर, वर्तुळांभोवती एक फेरी मारून म्हणाला, शेट, इहीर खनायची हाय का? मी त्याला बाक समजावला. अर्धा तास. शेवटी म्हणाला, म्हंजी इहीर न्हाय.

सराव: नाही. पण साचे उत्तम झाले.

८ सप्टेंबर, सोमवार

अलिबागला वाद्यांच्या दुकानात गेलो. मालक निकेत, चांगला माणूस. बरोबर व्हर्नियर, साचे, बॅटरी. दोन तासांत अकरा गिटारी मोजल्या. निकेत मधेच म्हणाला, काका, एखादी वाजवून बघा की. मी म्हणालो, वाजवून काय कळणार?

एक बाई मुलीसाठी गिटार घ्यायला आल्या होत्या. त्या मला वजनमाप खात्याचा माणूस समजल्या आणि बाजूला घेऊन हळूच विचारलं, इथे फसवतात का हो? मी म्हणालो, अजून सात बघायच्यात. निकेतचा चहा येणार होता तो आला नाही.

निवड झाली. सी आकार, बारा इंची बाक, जाडी एकवीस. अकरातली एकच अशी की जिच्यावर बोट ठेवायला जागा नाही.

१० सप्टेंबर. पहाटे ५.०५

उठलो. बसलो. एफ वाजवला. खिळ्यांचा डबा.

५.२०. विचार केला. नवी मोटरसुद्धा पहिले काही तास गरम होते, आवाज करते, आपण तिला शिव्या देत नाही. लाकूड दुकानातल्या एसीत राहिलेलं आहे, इथली खारी हवा त्याला नवीन. गिटार आठ दिवस स्टँडवर ठेवायची. हात लावायचा नाही.

५.२५. बाहेर जाऊन आलो. कुंट्यांच्या वाडीतला पंप हवा ओढतोय.

१९ सप्टेंबर

फिरोजाबाई म्हणाल्या, हात दाखवा. डाव्या हाताच्या बोटांची टोकं एकेक दाबून पाहिली. मग स्वतःची पुढे केली. त्यांच्या टोकांना शिंपल्याच्या पाठीसारखे घट्टे आहेत. माझी मऊ. विचारलं, ही पाना धरणाऱ्याची बोटं? मी सांगितलं, हल्ली पाना धर्मा धरतो, मी ऐकतो. म्हणाल्या, गिटारचंही तुम्ही तसंच चालवलंय. फक्त तिथे धर्मा नाही.

रोज दहा मिनिटं बसा म्हणाल्या, एका जागी. रोज एक तासाचा संकल्प केलेला माणूस दहा मिनिटांवर कसा उतरेल? मी हो म्हटलं आणि त्यांच्या जिन्याच्या दिव्याचं होल्डर बदलून आलो.

२१ सप्टेंबर, रविवार

अनुयाचा व्हिडिओ कॉल. विचारलं, कुठवर आलं? मी तिला बारा आणि सोळामधला फरक साच्यासकट दाखवला. चारही मानांच्या आकृत्या कागदावर काढून कॅमेऱ्यापुढे धरल्या. मुलगी शिकलेली आहे, ऐकून घेते. बावीस मिनिटांनी म्हणाली, बाबा, एकदा वाजवा ना. कसंही.

तेवढ्यात नेटवर्क गेलं.

विनिताचं म्हणणं, नेटवर्क जाताना अंगठा वापरावा लागत नाही.

२५ सप्टेंबर

नवा विचार. फुगीर पट्टीवर सरळ बोट आडवं टाकलं तर कडेच्या तारा दबतील, मधल्या... का उलट? काहीही असो, बोट सरळ आहे, पट्टी फुगीर आहे, दोघांचं जमणार कसं. म्हणजे बारा इंची बाक हीच चूक होती. उत्तर सपाट.

फिरोजाबाईंकडे नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आहे, तिचा फ्रेटबोर्ड पोळपाटासारखा सपाट. मागून आणली. रुंदी बावन्न मिलिमीटर. पहिलं बोट आडवं टाकलं तर पाचव्या तारेपर्यंत पोचतं, सहावी राहते. एकाच तारेने काम अडलंय, हे लक्षात घेण्याजोगं. तीन गिटारींत ही प्रगती सगळ्यात जास्त.

सराव: ९ मिनिटं. मधे दोनदा फ्रिजचा आवाज पाहून आलो, ती वजा केलेली नाहीत.

२ ऑक्टोबर, दसरा

वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा केली. पाने, पुलर, मेगर, बेंचव्हाइस, आणि या वर्षी तीन गिटारी. झेंडूचे हार घालायला त्यांच्याइतकी सोय कशालाच नाही. विनिता म्हणाली, ह्यांचीपण? मी म्हणालो, हत्यारच ना ते. म्हणाली, वापरतात त्याला हत्यार म्हणतात.

पूजेला मांडलेल्या हत्याराला हात लावायचा नाही ही रीत. इतर हत्यारांना ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. गिटार नाजूक हत्यार, तिला कोजागिरीपर्यंत राहू द्यावं असं ठरवलं. रीत मोडून वाजवलेलं मुलीच्या लग्नात फळत नाही.

७ ऑक्टोबर

त्रेपन्न दिवस राहिले. घाबरण्यासारखं काही नाही. उलट डोकं आज एकदम साफ चाललं. मी गिटारी का शोधत बसलोय? पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी फेकणारं चाक, घासत असेल तर आपण नवा पंप घेतो का? इम्पेलर लेथवर चढवतो. अनुयाच्या गिटारची मान जाड आहे ना, मग बारीक करायची. आणि तिच्या गाण्याला तिच्याच गिटारची साथ, हे तिला केवढं वाटेल.

रेवदंड्याच्या खाडीवर करमअलीकडे गेलो. होडीला फळी बसवत होता. त्याने मान हाताने चाचपली, उन्हाकडे धरली, परत दिली. म्हणाला, माधवशेठ, वल्हं जाड लागतंय म्हणून नवा खलाशी दोन दिवस बोंबलतो. तिसऱ्या दिवशी गप होतो. वल्हं तेवढंच असतं. तुमचा पहिला दिवस कधी उगवायचा?

बहीणभाऊ दोघंही सारखेच. मी त्याला म्हणालो, तू फक्त रंधा दे. म्हणाला, या कामाला माझा रंधा देणं हराम आहे मला.

९ ऑक्टोबर. सकाळी ११

स्वतः केलं. आधी कानस, मग एमरी पेपर. लाकूड छान सुटत होतं. बावीसला सी आकार आला. हात थांबेना. वीसला अप्रतिम झाली. अठराला मधोमध काहीतरी चमकलं.

धर्मा वाकून बघत होता. म्हणाला, शेट, हाड दिसाया लागला.

दुपारी ३

ते ट्रस रॉड निघालं. तारा मान पुढे ओढतात, तर ही लोखंडी सळी तिला मागे धरते. गिटार बनवणाऱ्यांनी हे बाहेरून दिसेल असं ठेवायला हवं. असो. मुळात सळी शाबूत आहे.

१० ऑक्टोबर. सकाळी ९

तारा चढवल्या. मान धनुष्यासारखी पुढे आली. सळीच्या टोकाला नट असतो, तो कसला की मान सरळ होते. पंपाच्या ग्लँडचं हेच तत्त्व: थोडं कसा, बघा, थोडं कसा, गळती थांबते. मी पाव फेरा दिला. कान लावला. अजून पाव. कान लावला. अजून पाव.

आवाज आला. असा आवाज मी पूर्वी एकदाच ऐकला होता, शाफ्ट तुटताना.

मान बुडाशी चिरली आहे. मूळ लाकडातच दोष असणार. गिटार सध्या साडेसात हॉर्सपॉवरच्या पंपाच्या खोक्यात, भुसा भरून, मागच्या खोलीत.

२२ ऑक्टोबर, पाडवा

अनुया सुट्टीला आली. आल्या आल्या विचारलं, माझी गिटार? मी म्हणालो, सर्व्हिसिंगला. हे खोटं नाही. तिचं सर्व्हिसिंग झालेलं आहे.

आज कंदिलाची वायर शोधायला मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. जाऊन पाहिलं तर खोक्यापाशी जमिनीवर बसली होती, गिटार मांडीवर, भुसा फ्रॉकभर... कुर्ताभर. मी वाट पाहिली, आता ओरडेल. ती हसायला लागली. खूप हसली. मग हसता हसता थांबली.

म्हणाली, बाबा, ही तुम्ही घेऊन दिलीत, पण मी वाजवलेलं कधी पूर्ण ऐकलं नाहीत. मी म्हणालो, घरभर ऐकू यायचं. म्हणाली, गॅदरिंगला मी स्टेजवर होते, पहिलं कडवं झालं आणि खाली बघते तर आईशेजारची खुर्ची रिकामी. मलाही तो दिवस आठवतो. शाळेच्या टाकीची मोटर कोरडी चालली होती, सातशे माणसांत मला एकट्याला ऐकू आलं. पाच मिनिटं उशीर झाला असता तर वाइंडिंग जळलं असतं. हेडसरांनी घरी येऊन आभार मानले होते. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, हो, माहीत आहे.

मग म्हणाली, संगीताला वाजवा नाहीतर वाजवू नका. पण गाणं संपेपर्यंत माझ्या शेजारी बसा. एवढंच.

विचित्र मागणी. बसण्याचं काय, कोणीही बसेल. प्रश्न एफचा आहे.

२ नोव्हेंबर. सकाळी

प्रयोग म्हणून घड्याळ लावून बसलो. गाणं साडेचार मिनिटांचं आहे. पहिल्यांदा एक मिनिट पन्नास सेकंद, दाराची कडी वाजत होती. दुसऱ्यांदा दोन चाळीस, विनिताचा मिक्सर. तिसऱ्यांदा तीन दहा. काही आवाज नव्हता. तो का नाही हे बघायला उठलो.

खुर्ची कमी उंचीची आहे. गुडघे वर येतात, मग माणूस उठणारच.

१४ नोव्हेंबर

फिरोजाबाई म्हणाल्या, एफ सोडून देऊ. दोन कॉर्डमध्येही गाणं निभेल. मी स्पष्ट नाही म्हटलं. गणराजराव जाणकार आहेत, त्यांना दोन मिनिटांत कळेल की एफ गाळलाय. त्या म्हणाल्या, बरं, मग मीही बसते मागे, सोबतीला. मी म्हणालो, गरज नाही, पण बसा.

क्लासिकल परत केली. रुंद पडते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अनुया आणि जावई देवव्रत आले. आमच्या ओटीवर तालीम. मी नवी सी मानेची घेतली होती. अनुया तीनदा थांबली. एकदा मी पुढे गेलो होतो, एकदा मागे राहिलो होतो, एकदा मी तिथे नव्हतो, शेजारच्या मोटरसाठी उठलो होतो. चौथ्यांदा न थांबता म्हणून टाकलं आणि म्हणाली, छान. विनिता आत गेली.

नंतर अनुया आणि फिरोजाबाई अंगणात दहा मिनिटं बोलत उभ्या होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही, मी देवव्रतला बाकाचे प्रकार सांगत होतो. मुलगा चांगला आहे. मान हलवतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १

काल निकेतचा फोन आला, व्ही मानेची एक गिटार आली आहे. मी आजच गेलो. धरल्या क्षणी कळलं. मधल्या कण्यावर अंगठा टेकतो, अंगठा टेकला की बोट मोकळं. बाक चौदा, बारा आणि सोळाच्या बरोबर मधे. साडेतीन महिने मी जे शोधत होतो ते हेच. अंगठ्याचा विचार आजवर कोणीच केला नव्हता.

दुकानात एफ वाजवला. खिळे आता निम्मेच वाटले.

विनिता म्हणाली, परीक्षेच्या आदल्या दिवशी नवं पेन. मी म्हणालो, पेनानेच लिहितात.

उद्या हिच्यावरच.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७. काशीद

लग्न दुपारी आहे. सगळे आंघोळीच्या रांगेत. तेवढ्यात कालचं लिहून टाकतो.

संध्याकाळी साडेपाचला आमचा नंबर लागला. अनुया मधे, मी तिच्या उजवीकडे, फिरोजाबाई दोन हात मागे आपली गिटार घेऊन. तिघांपुढे माईक. बाजूला साउंडवाला, कानात हेडफोन. पहिल्या रांगेत गणराजराव, डोळे मिटून तयार. अनुयाने सांगितलं, गिटारवर माझे बाबा. टाळ्या.

मी पहिला सी छेडला आणि कळलं. स्पीकरमधून येत होता तो सी माझा नव्हता. चालू माईकला बारीक घरघर असते, ती माझ्यापुढे नव्हतीच. माझा माईक बंद होता. दोनशे माणसांत हे मला एकट्याला ऐकू आलं.

अशा वेळी काय करायचं असतं ते माझ्या पायांना पस्तीस वर्षं ठाऊक आहे. मी अर्धा उठलो.

अनुयाचा हात माझ्या गुडघ्यावर आला. गाणं थांबलं नाही, सूर हलला नाही. हात तिने तसाच दाबून धरला.

मी साउंडवाल्याकडे पाहिलं. त्याने फिरोजाबाईंकडे पाहिलं. फिरोजाबाई समुद्राकडे बघत वाजवत होत्या.

बसलो. एफ आला. बोट आडवं टाकलं, माझ्या मांडीवर खिळे वाजले, स्पीकरमध्ये स्वच्छ एफ. दुसऱ्या एफला मी बोट नुसतं ठेवलं. तिसऱ्या कडव्यापासून तारांवरून फक्त हात फिरवत राहिलो. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ऐकलं. अनुया कडव्याच्या शेवटच्या ओळीआधी श्वास घेत नाही, ओळीच्या मधेच घेते. तिची आजी सुपारी सोलायला जोर लावताना तसाच घ्यायची. हे ती कधीपासून करते, मला माहीत नाही. मागून रिसॉर्टच्या जनरेटरचा आवाज येत होता, एक सिलिंडर मारत नव्हता. बसून राहिलो.

साडेचार मिनिटं.

खाली उतरल्यावर अनुया म्हणाली, साउंडवाल्याला मीच सांगितलं होतं. मी म्हणालो, पहिल्या तारेलाच कळलं. म्हणाली, कळणार हे माहीत होतं, म्हणून तर हात तयार ठेवला होता. मग तिला मैत्रिणी ओढून घेऊन गेल्या.

विनिताने जेवताना माझ्या पानात दुसरी जिलबी वाढली. डॉक्टरने एकसुद्धा बंद केलेली आहे.

बडीशेप खाताना गणराजराव मुद्दाम उठून माझ्याकडे आले. दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, माधवराव, पेटीवाल्यांची खोड असते, गाण्याच्या वर चढायची. माझीही आहे. गिटार इतकी हळुवार वाजवता येते हे आज कळलं.

मी म्हणालो, त्याला रियाज लागतो.